पाच आणि सहाच्या मधे

१

रोवेना हॅलेटची सकाळ हजेरीने सुरू व्हायची. ऑफिसात आली की कोट खुर्चीवर टाकायचा, लॅपटॉप उघडायचा आणि टॅलो क्रीकच्या बारा डब्या नीट बोलतायत ना ते बघायचं. चहा त्यानंतर.

डब्या काड्यापेटीहून थोड्या मोठ्या. ॲडलेडच्या उत्तरेला चार तासांवर मेंढ्यांचं एक फार्म होतं. तिथे लोकर कातरणाऱ्या टोळ्यांसाठी बांधलेली एक लांबलचक बराक रिकामी पडून होती. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना पाच-पाच खोल्या, टोकाला स्वयंपाकघर. दर खोलीत एक आणि बोळात दोन, अशा बारा डब्या रोवेनाने जूनमध्ये स्वतः भिंतींवर बसवल्या होत्या. प्रत्येकीत पेन्सिल-सेलची एक जोडी. डबी दर चार मिनिटांनी जागी व्हायची, खोलीतलं तापमान मोजायची, तो आकडा शेजारणीच्या कानात सांगायची आणि पुन्हा झोपायची. ती शेजारीण पुढचीला, पुढची तिच्या पुढचीला. कानगोष्टींच्या खेळासारखा निरोप सरकत सरकत स्वयंपाकघरातल्या मोठ्या पेटीपाशी यायचा आणि तिथून छतावरच्या अँटेनाच्या काठीवरून ॲडलेडला.

तापमानाशी रोवेनाला काही देणंघेणं नव्हतं. तिला हवं होतं गणित. शंभरातले किती निरोप पोचतील, तोच निरोप किती वेळा पुन्हा सांगावा लागेल, त्या पुन्हापुन्हा सांगण्यात सेल किती दिवसांत संपतील, हे सगळं आधीच सांगणारं गणित. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शहरामागच्या टेकड्यांत अशाच चारशे डब्या लागणार होत्या, वणव्याचा धूर हुंगायला. कुठली डबी कुठल्या झाडावर, हे रोवेनाच्या गणितावर ठरणार होतं. गणित चुकलं तर एखाद्या दरीतल्या डब्या मुक्या होतील आणि धूर माणसांच्या डोळ्यांना दिसेल तेव्हाच कळेल.

रिकामी बराक तिने मुद्दाम निवडली होती. ह्या लहरींच्या लेखी माणूस म्हणजे पाण्याचं पिंप. दोन डब्यांच्या मधे माणूस उभा राहिला की सिग्नल त्याच्यात मुरतो. म्हणून आधी माणसांशिवायची जागा. ती जमली की मग बाकीचं.

चार महिने गणित आणि डब्या हातात हात घालून चालल्या. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी पाच नंबरच्या खोलीतला निरोप समोरच्या सहा नंबरला ऐकू जाईना. जाई, पण जेमतेम तिसरा हिस्सा. डबीला तेच तेच तीनतीनदा सांगावं लागत होतं.

सेल सैल झाला असेल, रोवेना मनात म्हणाली, आणि चहा करायला उठली. पण परत येऊन तिने आलेख मोठा करून पाहिला. सेल सैल असला की रेघ थरथरते. ही रेघ सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी सरळ खाली उतरली होती आणि खालीच होती. जणू कुणीतरी चालत आलं, आणि थांबलं.

२

"त्या खोलीचे आकडे काढून टाक," स्टॅव्ह्रॉस म्हणाला. तो तिचा वरिष्ठ. एका हातात सँडविच धरून बोलायची त्याला सवय होती. "एक डबी बिघडली. बिघडतात डब्या. अहवाल महिनाअखेरीला द्यायचाय, रोवेना."

"डबी बिघडली नाहीये. तिचा सात नंबरशी सिग्नल उत्तम होता. कालपर्यंत."

"कालपर्यंत म्हणजे?"

तिने आलेख फिरवून त्याच्यापुढे केला. सहाशी जमेना म्हणून पाचच्या डबीने आपली वाट बदलली होती. डब्यांना ते शिकवलेलंच असतं. सहाऐवजी ती सातला निरोप द्यायला लागली. तसं झाल्यावर बारा मिनिटांनी पाच-सहामधला अडसर गेला. आणि पाच-सातमधे आला.

स्टॅव्ह्रॉसने सँडविच खाली ठेवलं. "पत्रा हलतोय एखादा."

"एवढा नेमका?"

"मग जाऊन बघ. नाहीतरी तुला चैन पडणार नाही."

ते खरं होतं. दोन दिवस ती खुर्चीत धड बसली नव्हती. आकडे बघायची, उठायची, खिडकीपर्यंत जायची, पुन्हा येऊन तेच आकडे बघायची. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने गाडी काढली.

टॅलो क्रीकवर लेस्टर ट्रूडगन आणि त्याची बायको आयोना दोघंच राहत. लेस्टर सत्तरीचा, उंच, उन्हाने रापलेला. आयोना ठेंगणी, आणि बोलण्यात त्याला पुरून उरणारी. रोवेना गाडीतून उतरली तेव्हा दोघं अंगणात एका एडक्याच्या खुरावरून भांडत होती.

"आल्या प्रोफेसरीणबाई," लेस्टर म्हणाला. "काय, आमच्या खोल्यांना ताप आला का?"

"बराकीत कोण गेलं होतं, लेस्टर?"

"कोण जाणार? टोळीवाले आता स्वतःच्या गाड्यांत झोपतात, एसी लावून. एकोणीस वर्षं कुणी तिथे पाठ टेकली नाहीये. कुलूप तू लावलंस, किल्ली खिळ्यावर."

"पोसम शिरला असेल," आयोना म्हणाली. "मांजराएवढे असतात, पण छतातून शिरतात मेले."

"पोसम तीन-तीन दिवस एका जागी उभा राहत नाही."

"लेस्टर राहतो," आयोना म्हणाली. "काम सांगितलं की."

३

कुलूप जसं लावलं होतं तसंच होतं. आत कोरड्या लाकडाचा आणि जुन्या लोकरीच्या तेलाचा वास. बोळात शिरल्यावर वाऱ्याचा आवाज मागे राहिला आणि छताच्या पत्र्याचा सुरू झाला. उन्हाने तापला की तो मधूनमधून टक्क करायचा. दारं केव्हाच काढून नेलेली. प्रत्येक खोलीत लोखंडी खाट, भिंतीला एक खिळा, खिळ्याखाली कुणीतरी पेन्सिलीने मोजलेल्या मेंढ्यांचे हिशोब. जमिनीवर पातळ लाल धूळ. जूनमधल्या तिच्या बुटांचे ठसे अजून होते. दुसरे नव्हते.

पाचमध्ये काही नव्हतं. सातमध्ये काही नव्हतं. दोन्हींच्या मधली फळ्यांची भिंत तिने बोटांनी ठोकून पाहिली. कोरडी, पोकळ. पाणी नाही, नवा पत्रा नाही, उंदराचं घर नाही.

तिने लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि लेस्टरला बोलावलं.

"एक मदत करा. पाच आणि सहाच्या मधे, बोळात उभे राहा. आणि हलू नका."

"कशाला?"

"तुम्ही किती सिग्नल पिता ते बघायचंय."

"म्हणजे मी काय, पाण्याची पिशवी?"

"हो."

"आयोनाला सांगू नकोस. ती म्हणेल, बिअरची." तो जाऊन उभा राहिला. डब्या दर चार मिनिटांनीच बोलत, म्हणून तो बिचारा आठ मिनिटं खांबासारखा थांबला. पाच-सहामधली रेघ सरळ खाली उतरली. किती उतरली ते रोवेनाने मोजलं. मग मंगळवारची घट काढून शेजारी ठेवली.

दोन्ही सारख्या. लेस्टरची केसभर जास्त, तो उंच होता म्हणून.

म्हणजे ते जे काही होतं ते माणसाएवढं होतं. मापाने. मापाने माणसाएवढ्या खूप गोष्टी असतात, ती स्वतःला म्हणाली. ओली गोणी. पाण्याची टाकी.

"झालं का? माझा पाय झोपला," लेस्टर बोळातून ओरडला.

"एक मिनिट."

तिची नजर खालच्या रेघेवर गेली होती. पाच आणि सातच्या मधली रेघ अजून खालीच होती. लेस्टर बोळात उभा होता. ती रेघ त्याच्या पाठीमागच्या खोलीतून जात होती.

"लेस्टर," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "या आता. चहा घेऊ."

४

लेस्टर चहा पिऊन कामाला गेला. ती एकटी राहिली आणि एका जागी बसेना.

तिने डब्यांना लॅपटॉपवरून हुकूम दिला: पाचने आता आठला सांगावं. चार मिनिटं. निरोप स्वच्छ गेला. आणखी चार मिनिटं. स्वच्छ. तिसऱ्या वेळी रेघ पडली. पाच-सात मोकळी झाली.

मग तिने पाचला गप्प केलं आणि नऊला दहाशी बोलायला लावलं, बोळाच्या दुसऱ्या टोकाला. ह्या वेळी सोळा मिनिटं लागली. पण रेघ पडली.

ती टेबलापासून बोळाच्या तोंडापर्यंत जायची, आत बघायची, परत यायची. बोळ उजेडाने भरलेला होता; प्रत्येक खोलीच्या खिडकीतून उन्हाची एक फळी जमिनीवर पडलेली. तिथे काही नव्हतं. पत्रा टक्क करायचा. टक्क झालं की ती दचकायची आणि मग स्वतःवर चिडायची.

कारणं तिच्याकडे भरपूर होती, आणि ती एकेक करून तिने कागदावर लिहिली. लहरी भिंतीवरून उलटतात, एकमेकींना खोडतात. तापलेला पत्रा फुगतो. वाट बदलणाऱ्या तिच्याच प्रोग्रॅममध्ये खोट असेल, घट मोजण्याची जागाच तो बदलत असेल. हे शेवटचं तिला पटलं. तिने प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून काढला. खोट नव्हती. कागदावर ती रेघा मारत गेली आणि शेवटी कागदावर नुसत्या रेघा उरल्या.

मग तिने डब्यांना मोकळं सोडलं: वाट्टेल तिने वाट्टेल तिच्याशी बोलावं, दर वेळी दुसरीशी. आता काय करतंय बघू, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तासाभराने तिने आलेख पाहिला. आता घट ठरलेल्या जागी नव्हती. कधी तीन-चारमधे, कधी एक-दोनमधे, आणि दर वेळी उशिरा; बोलणं आटोपल्यावर पोचावं तशी. एखादा बहिरा माणूस लग्नघरात ह्या घोळक्यातून त्या घोळक्यात जातो, जिथे ओठ हलतायत तिथे मधे जाऊन उभा राहतो, तोवर विषय संपलेला असतो. तसं.

रोवेनाला भीती वाटत होतीच, पण त्या क्षणी तिला जे वाटलं ते वेगळं होतं. तिला वाटलं, आपण त्याला पळवतोय.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं की हे संपवायचं. मोजून संपवायचं.

ती एकेका खोलीत गेली आणि डब्या उतरवत आली. दहा, नऊ, आठ, सात. प्रत्येकीतले सेल काढून ती जोडी खिशात टाकायची. शेवटी एकच डबी ठेवली, ती स्वयंपाकघरातल्या फडताळावर, टेबलासमोर. फडताळ ते टेबल, दीड मीटर. टेबलावर निरोप घेणारी मोठी पेटी, पेटीमागे लॅपटॉप, लॅपटॉपमागे ती. त्या अख्ख्या इमारतीत आता एवढंच एक बोलणं चालू होतं. चार मिनिटांऐवजी तिने डबीला दर सेकंदाला बोलायला सांगितलं. इथे ते आलं तर भिंतीआड नसेल. समोर असेल, उघड्यावर, साडेअकराच्या उन्हात.

रेघ पडद्यावर सरळ चालली होती. ती बघत राहिली. पत्र्याचा टक्क. एक माशी. लांबवर आयोना कुत्र्याला हाका मारत होती.

बोळातली एक फळी करकरली. मग अलीकडची.

रेघ खाली उतरली.

रोवेनाने मान वर केली. समोर फडताळ, त्यावर डबी, डबीवरचा हिरवा दिवा दर सेकंदाला लुकलुकणारा. सगळं नीट दिसत होतं. मधे काहीही नव्हतं. फडताळ आणि टेबल ह्यांच्यातली ती दीड मीटर हवा, उन्हात तरंगणारे धुळीचे कण. फक्त तिथले कण तरंगत नव्हते, थांबले होते.

हात पुढे केला असता तर पोचला असता. तिने केला नाही. पुढे अनेकदा तिने स्वतःला विचारलं, का नाही केला. आणि दर वेळी उत्तर एकच आलं, की हाताला काही लागलं असतं तर, आणि नसतं लागलं तरी, दोन्ही तिला चालणार नव्हतं.

ती खुर्चीवरून बाजूने उठली, भिंतीला पाठ घासत फडताळापर्यंत गेली आणि डबीतले सेल उपटले. हिरवा दिवा गेला. पडद्यावरची रेघ तुटली. आता इथे कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

तेवढ्यात लेस्टर अंगणाकडच्या दारात आला. ती फडताळाशी, तो दारात, मधे चार पावलं. त्याचे ओठ हलले.

तिला ऐकू आलं ते गोधडीखालून आल्यासारखं. शब्द नव्हते, नुसती घुरघुर.

"काय?" ती म्हणाली.

त्यानेही कपाळाला आठ्या घातल्या. कानामागे हात धरला. मग त्याने एक गोष्ट केली, आणि ती करताना त्याला कळलंही नाही. तो डावीकडे झुकला. तिच्याकडे बघायला म्हणून मान तिरकी केली, आपण पुढे कुणी उभं असलं की त्याच्या खांद्यावरून बघतो तशी. मग उजवीकडे झुकला. मग टाचा उचलल्या.

रोवेना एक पाऊल बाजूला सरली.

"…जेवायला ये म्हणते," लेस्टरचा आवाज अचानक खणखणीत आला, "मटण केलंय…" आणि पुन्हा गोधडी.

६

ती जेवली नाही. डब्या गाडीत भरल्या आणि निघाली. निघताना लेस्टर गाडीच्या खिडकीशी येऊन काहीतरी म्हणाला आणि तिने न ऐकताच मान हलवली. वाटेत तिने रेडिओ लावला. निवेदिकेचा शब्द न् शब्द स्पष्ट होता. पुढच्या गावात पेट्रोल भरताना तिने पंपावरच्या बाईशी उगीचच हवेबद्दल गप्पा मारल्या. स्पष्ट. ते मागे राहिलं होतं. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली, पण गाडी तिने वळवली नाही.

नऊ दिवसांनी लेस्टरचा फोन आला.

"तुला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. फोनवर त्याचा आवाज स्वच्छ होता, पण थकलेला. "तुझ्या त्या डब्यांनी कानाला काही होतं का?"

"का?"

"मला आयोनाचं ऐकू येत नाही. तिला माझं. डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, कान दोघांचे चांगले आहेत, बायकोचं ऐकू न येणं हा आजार नाही. हसला. मीही हसलो. आम्ही आता समोरासमोर बसत नाही. शेजारी बसतो, खांद्याला खांदा लावून. तसं बसलं की ऐकू येतं. लग्न झाल्यापासून एवढे जवळ बसलो नव्हतो."

रोवेनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण दिवसभर काही शेजारी बसून राहता येत नाही ना, पोरी. गुरुवारी एडक्याने तिला धडक दिली. पाडलं. मी कुंपणाची तार बांधत होतो, पाठ होती माझी. ती ओरडत होती म्हणे. दहा पावलांवरून. मला वाटलं, वारा आहे. गळ्याखालचं हाड मोडलंय. तो परत फिरला असता तर…"

"लेस्टर," रोवेना म्हणाली, "मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"डब्या परत लावते."

ह्यावर कुणीही विचारलं असतं, त्याने काय होणार. लेस्टरने विचारलं नाही. "लवकर ये," तो म्हणाला.

७

दुपारी ती पोचली. आयोना हात गळ्यात अडकवून व्हरांड्यात बसली होती. ती काहीतरी बोलली. चिडली असावी, कारण ओठ भराभर हलत होते. रोवेना तिच्याजवळ जायला थांबली नाही. डब्यांची पिशवी घेऊन सरळ बराकीत शिरली आणि एक नंबरपासून लावत सुटली. घाईत सेल एकदोनदा उलटे बसले. बारावी डबी लावून ती बोळात उभी राहिली. आता सगळ्या बोलत होत्या. माणसाच्या कानाला न ऐकू येणारी ती कुजबूज ह्या खोलीतून त्या खोलीत चालली होती.

दहा मिनिटं. वीस. मग घराकडून आयोनाचा आवाज आला, भिंती भेदून जाणारा:

"लेस्टर! त्या पोरीला उपाशी मारणार आहेस का तू?"

"ओरडतेस कशाला, ऐकू येतंय!" लेस्टर म्हणाला.

रोवेनाने लॅपटॉप पाहिला. पाच आणि सहाच्या मधली रेघ खाली उतरलेली होती.

ती बाजूने, भिंतीला लागून, बाहेर आली. स्वयंपाकघराच्या दाराशी क्षणभर थांबली. काहीतरी म्हणावंसं वाटलं. पण त्या जागी बोलणं बरं नव्हे.

अहवाल तिने दिला. पाच नंबरचे आकडे काढले नाहीत. टेकड्यांमध्ये ज्या अंतरावर एक डबी पुरेल असं गणित सांगत होतं, तिथे दोन लावा, असं तिने लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात 'न कळलेला अडथळा' एवढंच. स्टॅव्ह्रॉसने ते वाचून तिच्याकडे पाहिलं. "पत्रा नव्हता तर?" तो म्हणाला. ती नाही म्हणाली. त्याने सही केली.

टॅलो क्रीकच्या डब्या काढायला मात्र ती तयार होईना. दीर्घकाळची चाचणी म्हणून तिने त्या ठेवून घेतल्या. खरं काम एकच होतं: बोलणं थांबता कामा नये. सेल कधी संपतील हे दिवसावर कळायला हवं, म्हणजे त्याआधी जाऊन बदलता येतील. त्यासाठी तिने गणितात एक नवं पद घातलं. मधे उभी असलेली शरीरं. त्याच्यापुढे लिहिलं, एक.

आणि गणित जुळलं. तिने आजवर केलेलं सर्वांत अचूक गणित होतं ते. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला पहिली डबी संपेल. लेस्टरला फोन करून तिने सांगून ठेवलं, तेराला येते. लेस्टर म्हणाला, ये, आयोनाचा हात बरा आहे, दोन्ही हातांनी भांडते आता.

डिसेंबरात एका सकाळी हजेरी घेताना तिला दिसलं की सेल ठरल्यापेक्षा लवकर उतरतायत. खूप नाही. पण जानेवारी संपायच्या आत संपतील इतके.

तिने आधी फोन लावला.

"सगळं ठीक?"

"अगदी. का गं?"

"आयोना?"

"ही काय, समोर बसून वाटाणे सोलतेय आणि मला नावं ठेवतेय. ऐकायचंय?" मागून आयोना काहीतरी बोलली, स्पष्ट, आणि दोघं हसली.

"नको," रोवेना म्हणाली. "सहज केला फोन."

तिने फोन ठेवला आणि आलेख उघडला. पाच आणि सहाच्या मधे घट होती, नेहमीची. त्याच चार मिनिटांत नऊ आणि दहाच्या मधेही होती.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. खुर्चीत न बसता, उभ्यानेच तिने त्या पदातला एक खोडला आणि दोन घातले. गणिताची रेघ डब्यांच्या रेघेकडे सरकली. जवळ आली. पण टेकली नाही.

तिने तीन घातले.

दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की खालची दिसेनाशी झाली. रोवेनाने दारामागचं कपाट उघडलं आणि टॅलो क्रीकसाठी आणखी किती डब्या उरल्यात ते मोजायला घेतलं.